नवी डिस्क, तीन दिवस आणि ५८ वेळा गेलेली लाईट

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं कमी करून देतो:

"दादा, माझे मिस्टर लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतात. एडिटिंग आणि अल्बमचं काम मी घरीच करते. जुनी एक टीबीची डिस्क भरली म्हणून बर्डीवरून चार टीबीची नवी आणली. मिस्टरांनीच बसवली. डिस्कला वीज देणारी साटा पॉवरची पिन रिकामी नव्हती, तर दुकानदाराने एक कन्व्हर्टर दिला. पहिल्या दिवसापासून त्रास आहे. कॉपी १८० च्या स्पीडने सुरू होते, मग वीसवर येते, मग शून्य. 'टक' असा आवाज येतो, डिस्क गायब होते आणि थोड्या वेळाने परत दिसते. खामल्याच्या एका लग्नाचं फुटेज कार्डवरून कट करून हिच्यात टाकत होते, ते अर्ध्यात अडकलं. एकदा लाईटही गेली होती, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली आहे. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅम पिवळं दाखवतो. दुकानदार म्हणतो, 'पिवळं चालते ताई, लाल झालं का या. नाहीतर आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.' बदलून द्यायची मुदत सात दिवसांची, त्यातले तीन गेले. डिस्क खराब निघाली का? चार टीबीच्या जागी ३.६३ च दिसते, ती फसवणूक आहे का? आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, तेही हिच्यामुळेच का? स्क्रीनचा फोटो जोडला आहे."

ताई, मुदत चालू आहे म्हणून तुमचं पत्र रांग मोडून आधी घेतोय.

डिस्कचं नंतर बघू, आधी खामल्याचं लग्न. ज्या कार्डांवरून तुम्ही फुटेज कट केलं ती कार्डं आत्ता कुठे आहेत? मिस्टरांच्या बॅगेत असतील तर वाचणं थांबवून फोन करा. ऐन लग्नसराईत तीच कार्डं उद्याच्या हळदीला कॅमेऱ्यात जातील आणि तिथे विषय संपेल. कट केलेली फाईल कार्डावरून लगेच नाहीशी होत नाही. ती जागा 'रिकामी' असल्याची फक्त खूण होते, आतला डेटा नवं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच असतो. म्हणून त्या कार्डांवर शूट करायचं नाही, कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करायचं नाही, कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची. नव्या डिस्कवरून सगळं नीट निघालं तर उत्तम. नाही निघालं तर फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने कार्डावरून बरंच परत मिळू शकतं. फक्त परत मिळवलेल्या फाईली त्याच कार्डावर सेव्ह करू नका. आणि यापुढे कार्डवरून कधीच कट नाही. कॉपी करायचं, दोन ठिकाणी उघडून बघायचं, मग कार्ड रिकामं करायचं.

आता तुमचा फोटो. दुकानदाराने तो नीट बघितला असता तर फॉरमॅटची भाषा केली नसती. आणि खरं सांगायचं तर, मीही पत्र वाचून 'डिस्क गेली, बदलून घ्या' असंच लिहायला बसलो असतो. टक आवाज, गायब होणं, पिवळा रंग ही तिन्ही लक्षणं डिस्ककडेच बोट दाखवतात. पण फोटोत दोन आकडे असे आहेत की बोट दुसरीकडे वळतं.

ते आकडे वाचायच्या आधी एक खोच. त्या यादीतला उजवीकडचा रांगेचा आकडा, ज्याच्या आधी भाराभर शून्यं असतात, तो हा प्रोग्रॅम सोळाच्या पायात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये दाखवतो. तिथे १० दिसलं की ते दहा नसतं, सोळा असतं. मेनूत फंक्शन, मग अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज असं जाऊन दशमान निवडता येतं. ते करून ठेवा, नाहीतर दुकानात वाद घालताना तुमचाच आकडा चुकेल. वर उजव्या कोपऱ्यातले तास आणि 'पॉवर ऑन काउंट' मात्र सरळ दशमानातच असतात.

तर तुमच्या डिस्कचं म्हणणं असं आहे. ०५, म्हणजे खराब निघालेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यांची) मोजणी, शून्य. सी५, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय बाकी असलेले सेक्टर, १० दिसतं, म्हणजे १६. आजच्या डिस्कमध्ये आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ च्या आठ तुकड्यांत दाखवला जातो, त्यामुळे हा आकडा बहुतेक वेळा आठच्या पटीत येतो. १६ म्हणजे दोनच खऱ्या जागा अडल्या आहेत. पिवळा रंग आलाय तो यामुळे. सी७, डेटा केबलमधून जाता-येता झालेल्या चुका, शून्य. म्हणजे डेटा केबल निर्दोष. ०१ समोर तो लांबलचक आकडा बघून तुम्ही पत्रात दोन प्रश्नचिन्हं टाकलीत, त्याची काळजी सोडा. काही कंपन्यांच्या डिस्कवर तो कोऱ्या डिस्कलाही असाच लाखा-कोटीत दिसतो, कारण त्यात चुका आणि एकूण वाचनं एकत्र कोंबलेली असतात.

आता ते दोन आकडे. डिस्क एकूण १९ तासच चालली आहे, त्यात हे बघा. पॉवर ऑन काउंट ६१. आणि यादीत सी० समोर ३ए, म्हणजे ५८.

तीन दिवसांत तुम्ही कॉम्प्युटर ६१ वेळा सुरू केलात का? नाही. सकाळ-संध्याकाळ धरून फार तर सहा-सात वेळा केला असेल. पण डिस्क म्हणते की मला ६१ वेळा वीज मिळायला सुरुवात झाली, आणि त्यातल्या ५८ वेळा ती अचानक तुटली. सी० हा आकडा वीज एकदम गेल्यामुळे तबकडीवर वाचणारं-लिहिणारं हेड घाईघाईत मागे घ्यावं लागलं की वाढतो. नीट शटडाऊन केल्यावर कॉम्प्युटर डिस्कला आधी सांगतो, ती हेड जागेवर ठेवते, तेव्हा तो बहुतेक डिस्कमध्ये वाढत नाही. महावितरणला आपण उन्हाळाभर कितीही नावं ठेवली तरी तीन दिवसांत ५८ वेळा लाईट मानेवाड्यातही जात नाही. आणि लाईट गेली असती तर अख्खा कॉम्प्युटर बंद पडला असता. तुमचा कॉम्प्युटर चालू राहतो, फक्त ही डिस्क मरते आणि पुन्हा जिवंत होते. म्हणजे वीज तुटते ती एसएमपीएस (कॅबिनेटमधला सगळ्यांना वीज वाटणारा डबा) आणि डिस्कच्या मधे कुठेतरी. आणि त्या मधल्या जागेत एकच गोष्ट आहे: दुकानदाराने दिलेला तो कन्व्हर्टर.

हे कळलं की बाकीची लक्षणं आपोआप जागेवर बसतात. साडेतीन इंची डिस्कला दोन विजा लागतात. ५ व्होल्ट आतल्या सर्किटला आणि १२ व्होल्ट मोटरला. तबकड्या स्थिर असताना त्यांना फिरवायला मोटर १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, एकदा फिरायला लागल्या की मागणी बरीच कमी होते. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या टोकावरून) साटावर आणणारे स्वस्त कन्व्हर्टर इथेच दगा देतात. पिन सैल असते, तार बारीक असते, कॅबिनेटचा पंखा फिरला तरी हलते. वीज क्षणभर तुटली की फिरत्या तबकड्यांच्या वेगातूनच थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर डिस्क आपलं हेड बाजूला नेऊन ठेवते. तुम्हाला ऐकू येतो तो 'टक' बहुतेक तो आहे. मग वीज येते, तबकड्या पुन्हा वेग घेतात, विंडोजला डिस्क परत दिसते. त्यावेळी जर काही लिहिणं चालू असेल, आणि तुमचं तर फुटेजच जात होतं, तर एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जातो. पुढे तो वाचताना आतली तपासणी जुळत नाही. डिस्कला कळत नाही की ही जागाच खराब आहे की फक्त लिखाण अपुरं आहे. म्हणून ती त्याला 'बाकी' या खात्यात टाकते आणि कोणीतरी तिथे नव्याने लिहील याची वाट बघते. सी५ मधले ते १६ म्हणजे बहुधा हेच.

बहुधा म्हणतोय, नक्की नाही. कारण उलटंही होऊ शकतं: डिस्कच्याच सर्किटमध्ये दोष असेल तर तीही अशीच मधेमधे झोपते आणि मोजणी वाढवते. म्हणून आता तपास असा करायचा की गुन्हेगार एकटा सापडावा.

पहिलं काम, पुरावा. क्रिस्टलडिस्कइन्फोचा पूर्ण स्क्रीन, तारीख-वेळेसकट आणि वरचा सिरियल नंबर दिसेल असा, पुन्हा एकदा साठवून ठेवा. डिस्कच्या लेबलचा फोटोही काढा. स्क्रीनवरचा आणि लेबलवरचा सिरियल नंबर एक आहे ना, आणि तोच बिलावर आहे ना, हे जुळवा. दुकानात 'फॉरमॅट मारून देतो' याला आत्ता होकार द्यायचा नाही, त्याचं कारण हेच. पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळ्या डिस्कवर शून्य लिहिणं. त्या लिखाणात सी५ चे १६ साफ होतात, रंग निळा होतो, आणि दुकानदार म्हणतो 'पाहा, काही नव्हतं'. पुरावाही गेला आणि लग्नही. हे तो लबाडीने करतो असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांना फॉरमॅट हे खरंच औषध वाटतं.

दुसरं, डेटा बाहेर काढणं. पण कन्व्हर्टर न बदलता नाही. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, मागचा स्विचही. जुन्या एक टीबीच्या डिस्कला एसएमपीएसमधून जी थेट साटा पॉवरची वायर गेली आहे ती काढून नव्या डिस्कला लावा. जुनी डिस्क तात्पुरती बाजूला. कन्व्हर्टर हातात घेऊन नीट बघा: साटाच्या टोकाला प्लास्टिक तपकिरी झालंय का, वास येतोय का, पिना ढिल्या आहेत का. ज्यांचं टोक प्लास्टिक ओतून बनवलेलं असतं, आत तारा दिसत नाहीत, ते कन्व्हर्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. वापरायचाच असेल तर तारा एकेक करून दाबून बसवलेला प्रकार घ्या. माझं मत विचाराल तर कुठलाच घेऊ नका, पिना पुरतील असा एसएमपीएस घ्या. व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनमध्ये लोकल एसएमपीएस ठेवून वर चाळीस हजारांचं ग्राफिक कार्ड लावणारे लोक मला कधी समजले नाहीत.

थेट वायर लावून कॉम्प्युटर सुरू करा. आवाज थांबला, डिस्क गायब होत नाही, आणि अर्ध्या तासाने पॉवर ऑन काउंट फक्त एकाने वाढलाय, असं झालं तर उत्तर जवळपास मिळालंच. आता फुटेज दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर कॉपी करा, महत्त्वाचे फोल्डर आधी. अडलेल्या दोन जागांपैकी एखादी तुमच्या फाईलमध्येच असेल तर ती एक फाईल कॉपी होणार नाही. ती सोडून पुढे जा, तिच्यासाठी कार्डं आहेत. चेकडिस्क चालवू नका. ते फाईलींची व्यवस्था सुसंगत करतं, त्या नादात तुटकी फाईल कापून टाकायला मागेपुढे बघत नाही. डेटा बाहेर येईपर्यंत त्याला दार बंद.

थेट वायर लावूनही टक-टक चालूच राहिलं तर? मग एक छोटी युक्ती. कॉम्प्युटर बंद करून डिस्कची डेटा केबल काढा, फक्त पॉवरची वायर ठेवा, आणि सुरू करा. आता विंडोज, मदरबोर्ड, केबल यांचा डिस्कशी काहीच संबंध उरलेला नाही. तरी आवाज येत असेल तर दोष डिस्कमध्ये तरी आहे किंवा एसएमपीएसमध्ये तरी. मग तीच डिस्क दुसऱ्याच्या मशीनवर किंवा स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या यूएसबी डॉकवर लावून बघा. (लॅपटॉपच्या डिस्कचं छोटं यूएसबी खोकं इथे चालत नाही, त्यात १२ व्होल्ट येतच नाहीत.) तिथेही तोच आवाज आला तर डिस्क दोषी, एक मिनिटही जास्त चालवू नका, थेट दुकान. ती टक-टक लयीत, पुन्हा पुन्हा, आठ-दहा वेळा होऊन थांबत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत, आणि प्रत्येक प्रयत्नात पृष्ठभाग ओरखडण्याची भीती असते. तिथे आवाज नाही, तुमच्याकडे येतो, तर एसएमपीएस. मिस्टरांकडे मल्टिमीटर असेल तर डिस्कवर कॉपी चालू असताना मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजायला सांगा: ११.४ ते १२.६ च्या मधे हवं. लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५.

आणखी एक साक्षीदार कॉम्प्युटरमध्येच बसलाय. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीम लॉगमध्ये लाल-पिवळ्या ओळी बघा. डिस्कच्या नावावर ७ क्रमांकाची नोंद असेल तर खराब जागा वाचताना अडली. १२९ आणि १५३ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तरच दिलं नाही, पुन्हा विचारावं लागलं. तुमच्याकडे १२९-१५३ ची रांग आणि ७ च्या एक-दोन नोंदी सापडतील असा माझा अंदाज आहे.

डेटा सुरक्षित झाला की शेवटची चाचणी, आणि ही दोन रात्रींची आहे. आज रात्री मी वर ज्याला नको म्हणालो तोच पूर्ण फॉरमॅट, पण आता तुमच्या हाताने आणि पुरावा घेतल्यानंतर. 'क्विक' ची खूण काढून. चार टीबीला आठ-दहा तास धरा. यूपीएसशिवाय करू नका, अवकाळीचा एक फटका आला की पुन्हा पहिल्यापासून. शेजाऱ्यांचा मागून आणा. सकाळी आकडे बघा. सी५ शून्यावर आला आणि ०५ ही शून्यच राहिला, म्हणजे त्या जागा लिहिल्यावर चांगल्या निघाल्या. लिखाण अपुरं होतं, डिस्क धड आहे. सी५ शून्य झाला पण ०५ वाढला, म्हणजे जागा खरंच खराब होत्या आणि राखीव खात्यात हलवल्या. दुसऱ्या रात्री कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅमने, उदाहरणार्थ सीगेटला सीटूल्स, लांब पल्ल्याची चाचणी लावा. दोन मिनिटांची छोटी चाचणी पास झाली याला काही अर्थ नाही, ती डिस्कचा बहुतेक भाग वाचतच नाही. लांब चाचणीने मात्र शेवटचा सेक्टरही वाचून काढलेला असतो.

निकाल असा लावा. ०५ एकानेही वाढला, सी५ पुन्हा उगवला, किंवा लांब चाचणी नापास झाली, तर डिस्क परत. तिथे घासाघीस नाही. 'पिवळं चालते' हे वाक्य पाच वर्षं जुन्या डिस्कला, घरी दुसरी कॉपी असताना, एकवेळ म्हणता येईल. तीन दिवसांच्या डिस्कला नाही. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर तापमान सोडता आधी एकही वाईट आकडा दिसला नव्हता, हेही वाचून ठेवा; म्हणजे निळा रंग दिसला म्हणून एकाच डिस्कवर लग्न ठेवायचं नाही. सगळं स्वच्छ निघालं तर डिस्क ठेवा, कन्व्हर्टर परत करा. आणि ते स्वच्छ निघत असताना नुसता पहिला स्क्रीनशॉट दाखवून डिस्क बदलून घेऊ नका. कायद्याने कदाचित जमेल, पण तोच कन्व्हर्टर लावून दुसरी डिस्कही तिसऱ्या दिवशी पिवळी होईल, आणि मग दुकानदार तुमचं ऐकणार नाही.

परत करायची वेळ आली तर सहाव्या दिवशी जा, सातव्या दिवसाची वाट बघू नका. लांब चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट, सिरियल नंबर असलेलं जीएसटी बिल, आणि मूळ अँटिस्टॅटिक पिशवी सोबत. पाहुण्यांचे फोटो असलेली डिस्क परक्याच्या हाती जाते, पण फॉरमॅटमध्ये ती आधीच शून्यांनी भरलेली असेल, तो प्रश्न नाही. दुकानदार टाळायला लागला तर कंपनीची वॉरंटी वेगळी असतेच, सिरियल नंबर टाकून तिच्या साईटवर मुदत बघता येते. तिथेही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जुलै २०२० पासून लागू. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही. तिथपर्यंत जावं लागेल असं वाटत नाही. बर्डीवरचे दुकानदार कागद बघितला की सहसा नरम होतात.

एका शंकेवर पडदा टाकता येतो: डिस्क वापरलेली तर नाही ना? १९ तास तुमचेच आहेत, त्यामुळे वरवर नवीच दिसते. मात्र तास पुसता येतात. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघड झालं की हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क आकडे शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंदवही असते, तिथे खरे तास उरले होते. तुमची डिस्क त्या कंपनीची असेल तर स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ती वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले की झालं.

स्पीडचं राहिलं. १८० वरून वीसवर येणं हा दोष असेलच असं नाही. घरगुती वापराच्या बऱ्याच मोठ्या डिस्कमध्ये आता पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिले जातात. सुरुवातीचा कॅश (तात्पुरत्या साठवणीची जागा) भरला की अशा डिस्क रांगत चालतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र ग्राहकांना न सांगता वापरल्याचं बाहेर आलं आणि बराच गदारोळ झाला. साठवणीला अशी डिस्क चालते, तिच्यावरूनच थेट एडिटिंग करायला मात्र त्रास देईल. मॉडेल नंबरवरून कंपनीच्या माहितीपत्रकात एसएमआर (असे चढवलेले पट्टे) की सीएमआर (सुटे पट्टे) ते बघा. वीसवरून शून्य होऊन गायब होणं ही वेगळी गोष्ट, ती वर झाली. तापमानाच्या ओळीत २एफ म्हणजे ४७ अंश आहे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) तोंडावर असताना नागपुरात डिस्क याहून गार राहणार नाही. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मर्यादा ६० ची असते.

झिणझिण्यांचा डिस्कशी संबंध नाही, पण ते या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटशी जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर ११०-११५ व्होल्ट उभे राहतात. करंट अगदी कमी म्हणून फक्त झिणझिण्या. पण तुमच्या घरात अर्थिंग नाही याची ही पावती आहे, आणि त्याच बोर्डावर कूलर असेल तर विषय डिस्कचा राहत नाही. पाण्याने भरलेला लोखंडी कूलर आणि तुटलेली अर्थिंग यातून दरवर्षी आपल्याकडे माणसं जातात. इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायला सांगा. दोन-तीनच्या आसपास ठीक, त्याहून बरंच जास्त असेल तर खड्ड्यातली अर्थिंग नव्याने करून घ्या. तोपर्यंत कॅबिनेट उघडताना प्लग भिंतीतूनच काढा, आणि कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतातून हलवा.

आणि ३.६३? ती फसवणूक नाही. कंपनी एक टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट धरते, विंडोज १०२४ ला १०२४ ने तीनदा आणखी गुणून धरतो आणि नाव तेच लिहितो. चार हजार अब्जांना त्या हिशेबाने भागलं की ३.६३ च येतं. तुमच्या जुन्या एक टीबीच्या डिस्कवरही ९३१ जीबीच दिसत असेल.